मोबाईलवरचं स्टिकर आणि खोडदची दुर्बीण



मोबाईलच्या मागे चिकटवायची 'रेडिएशन शोषणारी' स्टिकरं हल्ली सगळीकडे मिळतात. पालक विचारतात, गुरुजी, लावू का? माझं मत स्पष्ट आहे, पैसे घालवू नका. पण नुसतं 'नको' म्हणून भागत नाही, वर्गात कारण सांगता यायला हवं. आणि आपण जुन्नर तालुक्यातले. त्यासाठी लांब जायची गरजच नाही.

आधी 'शोषणं' म्हणजे काय ते बघू. पावसाचं पाणी कातळावरून वाहून जातं, वाळूतून खाली निघून जातं, नांगरलेल्या काळ्या रानात मात्र मुरतं. रेडिओ लहरींचं तसंच आहे. धातूचा पत्रा त्यांना परत फेकतो, थर्माकोल आरपार जाऊ देतो. मुरवायच्या असतील तर मिश्रण लागतं, म्हणजे फोममध्ये कार्बनची पूड किंवा रबरात लोखंडाची बारीक भुकटी. हे संमिश्र पदार्थ. लहर आत शिरते आणि तिच्या ऊर्जेची उष्णता होते. ती नाहीशी होत नाही, हे मुलांना दोनदा सांगा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी पाणबुड्यांच्या हवा घ्यायच्या नळीवर असे थर चढवले होते, रडारला दिसू नये म्हणून. आज पुण्यात एआरएआयमध्ये गाड्यांची विद्युतचुंबकीय चाचणी होते, त्या खोलीलाही आतून असे शोषक लावलेले असतात.

आता खरी मेख जाडीत आहे. साध्या थराची जाडी लहरीच्या लांबीच्या साधारण पाव भाग लागते. १० गिगाहर्ट्झच्या रडारची लहर ३ सेंमीची, तिला पाऊण सेंमी पुरतो. मोबाईलच्या १८०० मेगाहर्ट्झची लहर जवळपास १७ सेंमीची, म्हणजे थर ४ सेंमीचा हवा. लोहयुक्त भुकटी वापरून तो पातळ करता येतो, तरी काही मिलिमीटर लागतातच. स्टिकर नखापेक्षा पातळ! आणि समजा त्याने खरंच लहरी शोषल्या, तर रेंज जाईल, फोन जास्त जोर लावून सिग्नल सोडेल आणि बॅटरी लवकर उतरेल.

ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाने शेणापासून केलेली चिप मोबाईलसाठी पुढे आणली, तेव्हा देशातल्या शेकडो शास्त्रज्ञांनी एकच मागितलं, मोजमाप दाखवा. शेणाने घर सारवणाऱ्या आपल्या गावातल्या शाळेतही हेच मागायला हरकत नाही.

खोडदला लहरींपासून बचाव कसा करतात ते बघा. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. (त्या किरण सोडतात असं आजही कुणी कुणी म्हणतं. त्या फक्त ऐकतात.) आकाशातून येणारा सिग्नल इतका क्षीण की स्वतःच्याच यंत्रांचा गोंगाट नडतो. म्हणून यंत्रं धातूने मढवलेल्या बंद खोल्यांत ठेवतात. चिकटपट्टीवर काम भागलं असतं तर एवढा खर्च कुणी केला असता?

पालकांना काळजी वाटते ती खोटी नाही. त्यांना फोनवर *#०७# दाबायला सांगा, त्या फोनचा सार आकडा दिसतो. भारतात मर्यादा दर किलोला १.६ वॅटची आहे. बोलताना इअरफोन लावला की फोन डोक्यापासून लांब राहतो, त्याला जास्तीचा पैसा लागत नाही.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदच्या प्रदर्शनात दरवर्षी ज्वालामुखी नेण्यापेक्षा एक तक्ता न्या. फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. उणे ९० चा उणे ११० झाला तर सिग्नल शंभरपट घटला. एकाच जागी बसून फोन आधी उघडा ठेवा, मग थर्माकोलमध्ये, ओल्या टॉवेलमध्ये, स्टिकर लावून आणि शेवटी फॉईलमध्ये गुंडाळून. फॉईलला एका बाजूने फट ठेवा, म्हणजे आकडा वाचता येईल, आणि फट लहानमोठी केल्यावर काय होतं तेही लिहा. आकडा सारखा हलतो, म्हणून प्रत्येक वेळी पाच नोंदी घेऊन सरासरी काढायची. चौथीची मुलंही हे करतात, सरासरीचं गणित तेवढं पाचवीकडून करून घ्या.