मांडीतला जोर वाचवा

लातूर नाहीतर नांदेडच्या बसस्टँडवर थोडा वेळ थांबून बघा. सत्तरीतली मावशी लालपरीच्या पायरीवर एक पाय ठेवते, दांडा धरते आणि तिथंच अडते. वरून कुणी हात देतं, खालून कुणी रेटतं. दोष गुडघ्यांना लागतो, पण पुष्कळदा दगा मांडीनं दिलेला असतो. घरचे म्हणतात, वय झालं, चालायचंच.

नाही चालायचं! उतारवयात स्नायू झडतात, त्याला डॉक्टर सार्कोपेनिया म्हणतात. पण गेलेला जोर बराचसा परत मिळवता येतो. १९९४ साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या १०० जणांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. सरासरी वय ८७! दहा आठवडे वजनाचा व्यायाम केलेल्यांची ताकद दुपटीवर गेली. नुसतं पोषक पेय घेणाऱ्यांच्या पदरात जवळपास काहीच पडलं नाही. तेव्हा लेकानं पुण्याहून पाठवलेला प्रोटीनचा महागडा डबा बैठकांवाचून वाया.

आणि बैठका आपल्याला कुणी शिकवायच्या? निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९७० मध्ये एडिनबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण आणलं. आजोबांनी लंगोट कसायची गरज नाही. हाताची घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसा. बारा सेकंद किंवा जास्त लागले, तर डॉक्टरांना दाखवा आणि हाच व्यायाम रोजचा करा. नुसतं फिरणं पुरत नाही.

ताटाचंही बघा. साठ किलोच्या म्हाताऱ्या माणसाला दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम प्रथिनं हवीत, असं तज्ज्ञ सांगतात. दोन भाकरी आणि वाटीभर वरणात मिळतात वीसेक. लातूरच्या आडतीतून सोयाबीन-तूर गाडीगाडीनं बाहेर जाते आणि घरच्या म्हातारीला रात्री अर्धी भाकरी दुधात कुस्करून! दाट वरण, दही, मूठभर शेंगदाणे, चालत असेल तर अंडं द्या. सोयाबीन कच्चं नको. उकळून, वाळवून पिठात दळा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

तालीमवाल्यांनो, सकाळचा एक तास साठीपुढच्यांना द्या, बायकांनाही. भजनी मंडळांनो, हरिपाठ संपला की सतरंजी गुंडाळण्याआधी सगळ्यांकडून दहा उठबशा करून घ्या. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीच्या चार खुर्च्या मागून आणा. सोमवारी सुरू करा.