फोन घरात आहे, पण कोणाच्या हातात?

मार्च २०२० मध्ये देशभरातील प्रवासी गाड्या थांबल्या, तेव्हा आपल्यापैकी काहींच्या लेकी बंगळूरच्या मारतहळ्ळीत अडकल्या होत्या. बाह्य वळण रस्त्यावरील संगणक कंपन्यांत नोकरी करणाऱ्या या मुलींचे ऑफिस पेइंग गेस्टच्या खोलीत आले, खानावळी बंद पडल्या, जोडीच्या मुली मिळेल त्या वाहनाने गावी गेल्या. मिरज-सोलापूरच्या रेल्वे वसाहतीतील आईशी रात्री व्हिडिओ कॉलवर होणारे बोलणे, एवढाच काय तो आधार. मोबाईलच्या वेडाची आपण टिंगल करत आलो. त्या दिवसांत त्याच मोबाईलने अनेकींना सावरले, हे मान्य केले पाहिजे.

पण त्या आईचे काय? घरात फोन एकच. सकाळी तो मुलाच्या शाळेला, दुपारी नवऱ्याला, आणि तिच्या वाट्याला आला तर रात्री, तोही सर्वांच्या देखत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रिया होत्या ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. स्वतः वापरायचा मोबाईल असलेल्या स्त्रिया जेमतेम ५४ टक्के. राष्ट्रीय महिला आयोगाने एप्रिल २०२० मध्ये घरगुती हिंसाचाराच्या तक्रारींसाठी व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक सुरू केला. मारणारा दिवसभर समोरच बसलेला असताना फोनवर बोलणार कशी? अर्थात, मजकूर लिहायलाही फोन हाती लागतो.

आपल्या भगिनींना तर "घरून काम" हे शब्द वर्तमानपत्रातच वाचायला मिळाले. मालगाड्या चालूच होत्या, रुळांची देखभाल थांबली नव्हती. टपाल कर्मचारी घरोघर जाऊन आधारच्या आधारे लोकांचे पैसे त्यांच्या हाती देत होते. ड्यूटीवरून परतल्यावर लेकराला जवळ घ्यायची भीती, आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तर फोन उघडावा तो खाटा, ऑक्सिजन आणि श्रद्धांजली. हे कोणाशी बोलायचे? 'लॅन्सेट'मधील अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगात नैराश्याचे सुमारे ५ कोटी ३० लाख रुग्ण वाढले; पैकी साडेतीन कोटींच्या आसपास स्त्रिया होत्या. हा प्रश्न नाजूक मनाचा नसून कामाच्या ओझ्याचा आहे, अशी आमची धारणा आहे.

१० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू आहे. मारतहळ्ळी ज्या शहरात आहे, त्याच शहरातील निमहान्स ही तिची मध्यवर्ती संस्था. क्रमांक १४४१६. हा क्रमांक प्रत्येक स्टेशनच्या, गँगहटच्या व टपाल कचेरीच्या फलकावर लागलाच पाहिजे. रेल्वे रुग्णालयांत स्त्री समुपदेशक नेमावेत आणि तिच्याकडे जाण्याचा वेळ ड्यूटीत धरावा, ही मागणी शाखांनी प्रशासनापुढे लेखी मांडावी. शाखांच्या महिला समित्यांनी केवळ परिपत्रके पुढे ढकलण्यासाठी गट चालवू नयेत. आठवड्यातून एक वेळ गप्पांसाठी राखावी, आणि ती वेळ भगिनींनीच ठरवावी. त्या तासापुरता घरातला फोन आणि चूल या दोहोंची अदलाबदल करायला पुरुष सभासदांची हरकत नसावी.