अकरावीच्या उंबरठ्यावर : बारावी, 'ए लेव्हल' की 'आयबी'?

दहावीचा निकाल हाती आला की मुंबई-पुण्यातील मध्यमवर्गीय घरांत पूर्वी एकच प्रश्न विचारला जाई : शाखा कोणती? गेल्या दोन दशकांत त्याच्याही आधी दुसरा प्रश्न येऊन बसला आहे : मंडळ कोणते? राज्य मंडळाची बारावी, केंब्रिजची 'ए लेव्हल' आणि इंटरनॅशनल बॅकलॉरिएट अर्थात 'आयबी'चा डिप्लोमा असे तीन मार्ग आज या शहरांत उपलब्ध आहेत. त्यांतील 'वरचा' कोणता, यावर पालकांमध्ये हिरिरीने चर्चा होते. परंतु पुढे पदवीसाठी कोठे जायचे आणि त्या प्रवेशाच्या अटी कोणत्या, हा खरा निर्णायक प्रश्न बहुधा फी भरून झाल्यावरच पुढे येतो.

'आयबी'ची स्थापना १९६८ मध्ये जिनिव्हात झाली. बदलीच्या नोकऱ्यांमुळे देशोदेशी फिरणाऱ्या कुटुंबांतील मुलांना कोणत्याही देशात मान्य होईल असे प्रमाणपत्र मिळावे, हा तिचा मूळ हेतू. भारतात कोडाईकॅनॉल इंटरनॅशनल स्कूलने १९७६ मध्ये हा अभ्यासक्रम आणला. महाराष्ट्रात पुण्याजवळच्या मुळशी खोऱ्यातील महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज १९९७ पासून तो शिकवत आहे. पुढे मुंबईतील अनेक शाळांनी तो स्वीकारला. आता तेथील वार्षिक शुल्क काही लाखांपासून दहा लाखांच्याही पुढे जाते.

या डिप्लोमात सहा विषय असतात. त्यांपैकी किमान तीन 'हायर लेव्हल'ला घ्यावे लागतात. प्रत्येक विषयाला सातपैकी गुण, शिवाय चार हजार शब्दांपर्यंतचा प्रबंध आणि 'थिअरी ऑफ नॉलेज' यांचे मिळून तीन, असे एकूण ४५ गुण. कला, शारीरिक उपक्रम आणि समाजसेवा यांची पूर्तता न केल्यास डिप्लोमा मिळत नाही. भाषा, समाजशास्त्रे, विज्ञान, गणित या सर्वांना स्पर्श करणे बंधनकारक असते. 'ए लेव्हल'ची प्रकृती नेमकी उलट आहे. विद्यार्थी साधारणपणे तीन किंवा चारच विषय निवडतो आणि त्यांत खोलवर जातो. सक्तीचा प्रबंध नाही, सक्तीची भाषाही नाही.

अट विषयांची

दोन्ही अभ्यासक्रमांना भारतीय विद्यापीठ संघाची बारावीशी समकक्षता आहे. त्यामुळे 'भारतात चालत नाही' हा समज खरा नाही. अडचण असते ती विषयांच्या जुळणीची. वैद्यकीय प्रवेशासाठी 'नीट' द्यायची तर भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय आवश्यक आहेत. राज्य मंडळाच्या विज्ञान शाखेत इंग्रजी अनिवार्यच असते आणि भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र असा चौकडीचा गट घेऊन वैद्यकीय व अभियांत्रिकी अशी दोन्ही दारे उघडी ठेवता येतात. 'आयबी'च्या नेहमीच्या रचनेत मात्र दोनच विज्ञान विषय बसतात. तिसरा घ्यायचा तर विद्यापीठ प्रवेशाची गरज दाखवून शाळेमार्फत खास परवानगी मिळवावी लागते, आणि तीही सुरुवातीलाच. डॉक्टर होण्याची इच्छा दुसऱ्या वर्षी जागी झाली तर ती वेळ निघून गेलेली असते.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. 'आयबी'च्या मे सत्राची परीक्षा एप्रिलच्या अखेरीस सुरू होऊन मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालते. 'नीट' २०२४ मध्ये ५ मे रोजी आणि २०२५ मध्ये ४ मे रोजी झाली, म्हणजे या परीक्षेच्या ऐन मध्यावर. 'आयबी'चा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो. राज्य मंडळाने २०२५ मध्ये बारावीचा निकाल ५ मे रोजीच जाहीर केला होता. 'ए लेव्हल'च्या मे-जूनच्या परीक्षेचा निकाल ऑगस्टमध्ये येतो. ही गैरसोय ओळखून केंब्रिजने भारतातील शाळांसाठी मार्च महिन्यातील परीक्षेची सोय केली आहे व तिचा निकाल मेमध्ये मिळतो. शाळा ही सोय देते का, हे प्रवेशापूर्वीच विचारले पाहिजे.

अभ्यासक्रमाची तफावत हा तिसरा मुद्दा. राज्याची सीईटी राज्य मंडळाच्या पुस्तकांवर बेतलेली असते. तीत अकरावीचा वाटा सुमारे २० टक्के आणि बारावीचा ८० टक्के असतो. 'नीट' व 'जेईई'च्या तयारीचा पाया 'एनसीईआरटी'ची पुस्तके हा मानला जातो. आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला त्यासाठी स्वतंत्र तयारी करावी लागते. दिवसा शाळेचा प्रबंध आणि रात्री क्लासचे प्रश्नसंच अशी दुहेरी ओढाताण होते, आणि कुटुंबाला खर्चही दोनदा करावा लागतो.

परदेशाचे गणित

परदेशी जायचे निश्चित असेल तर पारडे बदलते. ब्रिटनमधील विद्यापीठे तीन 'ए लेव्हल' विषयांच्या हिशेबानेच प्रवेश देतात. तेथील काही विद्यापीठे राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांकडून इतर भारतीय मंडळांपेक्षा अधिक टक्के मागतात. जर्मनीत भारतीय बारावीवर सहसा थेट प्रवेश मिळत नाही. भारतात पदवीचे एक वर्ष पूर्ण करावे लागते किंवा 'जेईई ॲडव्हान्स्ड' उत्तीर्ण व्हावे लागते. योग्य विषय घेतलेल्या 'आयबी' विद्यार्थ्याला ही अडचण येत नाही. अमेरिकेची गोष्ट वेगळी आहे. तेथील विद्यापीठे राज्य मंडळाची बारावीही स्वीकारतात. 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' या तेथील विषयवार परीक्षा बारावीचा विद्यार्थी भारतातील केंद्रांवर देऊ शकतो. त्यांत पाचपैकी चार किंवा पाच गुण मिळाल्यास अनेक विद्यापीठे पदवीच्या अभ्यासात सूट देतात. म्हणजे केवळ अमेरिकेसाठी 'आयबी'चे शुल्क भरणे अपरिहार्य नाही.

राज्य मंडळाची बाजू येथे संपत नाही, तसे तिचे दोषही झाकता येत नाहीत. प्रवेश परीक्षांच्या क्लासपुढे अनेक कनिष्ठ महाविद्यालयांतील वर्ग आणि प्रयोगशाळा ओस पडल्या आहेत. लेखन, वाचन, स्वतंत्र विचार यांचा सराव 'आयबी'त अधिक घडतो, हे मान्यच करावे लागेल. मात्र तो सराव दोन वर्षे सातत्याने काम करणाऱ्या मुलाला मानवतो. एखाद-दोन विषयांतच जीव रमणाऱ्या मुलाला 'ए लेव्हल' अधिक न्याय देते. पुढे काय करायचे हे ज्याला अद्याप उमगलेले नाही आणि भारतातच शिकायचे आहे, त्याच्यासाठी चौकडीची बारावी हा आजही सर्वांत मोकळा मार्ग आहे.

सोळाव्या वर्षी आयुष्याची दिशा ठरलेली असावी, अशी अपेक्षा कोणत्याही मुलाकडून करणे अन्यायाचे आहे. म्हणूनच मंडळाच्या नावापेक्षा, निवडलेल्या विषयांनी कोणती दारे बंद होतात, याची यादी पालकांनी मुलासमवेत बसून करावी. प्रवेश अर्जावर सही करण्यापूर्वी शाळेच्या समुपदेशकाकडून तिचे लेखी उत्तर घ्यावे. दोन वर्षांनी पश्चात्ताप करण्यापेक्षा त्यासाठी एक दुपार खर्ची घालणे केव्हाही स्वस्त.