वहीचा भरंवसा

पेण-रोह्याकडे ज्यांचें घर आहे, त्यांस बँकेच्या वहीची गोष्ट निघतांच पेण अर्बन बँकेची आठवण व्हावी, हें साहजिक आहे. सप्टेंबर २०१० मध्यें रिझर्व्ह बँकेनें तिच्या व्यवहारांवर निर्बंध घातले आणि सुमारें दोन लाख ठेवीदारांचे पैसे अडकून पडले. बनावट कर्जखातीं उघडून पांचशें कोटींहून अधिक रक्कम काढल्याचा आरोप तपासांत पुढें आला. वही लिहिणारे व ती तपासणारे एक झाले, तर सामान्य माणसानें भरंवसा कोणावर ठेवावा?

ह्या प्रश्नास हल्लीं तरुण मंडळी एक तयार उत्तर देतात. क्रिप्टो चलनाची वही एका बँकेपाशीं नसते. तिच्या हजारों प्रती जगभर असतात व तींत मागाहून खाडाखोड करतां येत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. तें बहुतांशीं खरें आहे. परंतु इतक्या प्रतींत नवें पान कोणीं लिहावयाचें, हें ठरविण्याच्या रीती निरनिराळ्या आहेत. घरची पुंजी तिकडे वळविण्यापूर्वीं त्या समजून घेणें अगत्याचें आहे.

पहिली रीत श्रमाची. २००९ सालीं सुरू झालेल्या बिटकॉइनमध्यें संगणक अंकांचें एक अवघड कोडें सोडवीत असतात. ज्याला उत्तर प्रथम सांपडेल, त्यानें पान लिहावयाचें व बक्षीस घ्यावयाचें. असें पान सुमारें दर दहा मिनिटांस पडतें. प्रत्येक पानावर मागील पानाची खूण असल्यामुळें जुनी नोंद बदलूं पाहणारास पुढील सर्व पानांचे श्रम पुन्हां करावे लागतात. लबाडी अशक्य नसते, परवडत नाहीं इतकेंच. जाळें लहान असल्यास ती परवडतेही. इथेरियम क्लासिक ह्या चलनाच्या वहीचीं पानें ऑगस्ट २०२० मध्यें अशाच अधिक बळानें फिरविण्यांत आलीं. शिवाय ह्या रीतींत वीज अतोनात जळते.

दुसरी रीत अनामतीची. इथेरियमनें ती सप्टेंबर २०२२ मध्यें स्वीकारली. तेथें ३२ ईथर अनामत ठेवणारास पान लिहिण्याची व तपासण्याची पाळी मिळते. परस्परविरुद्ध साक्ष दिल्यास अनामतीचा कांहीं भाग जप्त होतो. ह्या बदलानें विजेचा खर्च ९९ टक्क्यांहून अधिक घटला. मात्र ज्याची अनामत मोठी, त्याच्या मताचें वजनही मोठें.

तिसरी रीत पंचांची. ठराविक, परस्परांच्या ओळखीच्या संस्थांनीं मिळून पानास संमति द्यावयाची. हें काम जलद व स्वस्त होतें. पण पंचच एक झाले, तर पुन्हां पेणचीच कथा.

आमच्या मतें खरी मेख पुढेंच आहे. ह्या तिन्ही रीती लिहिलेली नोंद जपतात. ती मुळांत खरी आहे कीं नाहीं, हें त्यांस दिसत नाहीं. देणाऱ्याजवळ नाणें आहे व सही त्याची आहे, एवढें जाळें तपासतें. कर्ज घेणारा मनुष्य जगांत आहे काय, हें तें विचारीत नाहीं. पेणचीं बनावट खातीं अशा वहींत लिहिलीं असतीं, तर तें खोटें कायमचें पक्कें झालें असतें. पुणे पोलिसांनीं २०१८ सालीं हातीं घेतलेलें गेनबिटकॉइन प्रकरण पाहावें. तेथें दरमहा दहा टक्के परताव्याचें आमिष दाखविल्याचा आरोप आहे. बिटकॉइनची वही शाबूत राहिली. बुडाले ते गुंतवणूकदार.

रोहेकर ज्यांचें नांव अभिमानानें घेतात, ते चिंतामणराव देशमुख १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्या बँकेची देखरेखही चुकूं शकते, हें पेणनें दाखविलें. तरी सहकारी बँकेंतील ठेवीस २०२० पासून पांच लाखांपर्यंत विमा आहे; क्रिप्टोच्या पुंजीस तसा विमा नाहीं. तेव्हां वाचकांनीं तीन प्रश्न विचारावे: नोंद कोण लिहितो, कोण तपासतो, आणि फसगत झाल्यास भरपाई कोण देतो? नवी वही पहिल्या दोहोंचें उत्तर चोख देते. तिसऱ्याचें उत्तर मिळेपर्यंत म्हातारपणाची शिदोरी तींत ठेवूं नये.