बाटलीतली चिंच

परवा आमच्या एका स्नेह्यांनी मला चिंचेचं सरबत पाजलं. "खास तुमच्यासाठी! अस्सल लेबनीज!" असं म्हणत त्यांनी फ्रिजमधून बाटली काढली, पेल्यात दोन बोटं काळा पाक ओतला, वर गार पाणी सोडलं आणि चमचा खळखळवला. एकूण वेळ अर्धा मिनिट. मी एक घोट घेतला आणि दुसरा घेण्याआधीच भांडायला बसलो.

त्यांचं म्हणणं, चव तीच आणि खटाटोप कमी. माझं म्हणणं, चव ती नव्हेच. आणि खटाटोप हा त्यातला मुख्य जिन्नस आहे.

यात बोलायचा मला थोडा अधिकार आहे. 2018 साली नोकरीच्या निमित्तानं मी बैरुतमध्ये होतो. रमझान ऐन मे-जूनच्या उन्हात आला होता. खालच्या मजल्यावर एक आजीबाई राहत. अख्खी इमारत त्यांना 'तेता' म्हणे. तेता म्हणजे तिकडे आजी. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी माझ्या हातात एक पेला ठेवला आणि म्हणाल्या, "घे, तुझ्याच देशाचं आहे. तमर हिंदी!"

तमर हिंदी म्हणजे हिंदुस्थानी खजूर. या नावात दोनच शब्द आणि दोन्ही चुकीचे. चिंच हा काही खजूर नव्हे, आणि झाड मूळचं आफ्रिकेचं. पण नाव असं चिकटलं, की त्यावरूनच लॅटिन 'टॅमरिंडस' झालं, इंग्रजी 'टॅमरिंड' झालं. माझा देशाभिमान जागा झाला. "हे तर आमचं चिंचेचं पन्हं!" असं म्हणून मी पेला तोंडाला लावला आणि गप्प झालो. गूळ नाही, जिरं नाही, मीठ नाही, तळाला गाळ नाही. विटकरी रंगाचं, नितळ, आधी आंबट, मग गोड, आणि शेवटी नाकात संत्र्याच्या फुलांचा वास. वर चार सनोबर तरंगताहेत. सनोबर म्हणजे आपल्या चिलगोज्यांचे भाऊबंद. दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेली माणसं सूर्य मावळल्यावर हे पितात. तेव्हा त्यांचे चेहरे बघावेत.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच करायला बसलो. चिंच, साखर, पाणी सगळं एकदमच चुलीवर चढवलं आणि तासभर आटवलं. बायकोनं पातेल्यात डोकावून विचारलं, "शेव आणि कुरमुरे आणू का?" भेळेची चटणी उत्तम झाली होती.

मग तेतांकडे शिकवणी लावली. पाव किलो चिंच दीड लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची. सकाळी हातानं कोळायची; त्याला मिक्सर चालत नाही, चिंचोके फुटले की तुरटपणा उतरतो. मग पातळ फडक्यातून गाळायची. हे काम सावकाश. फडकं पिळलंत की गाळ आलाच. गाळलेल्या पाण्यात अर्धा किलो साखर घालून पाक दाटसर होईपर्यंत मंद आटवायचं, शेवटी लिंबू पिळायचं. संत्र्याच्या फुलांचं पाणी मात्र गार झाल्यावर घालायचं, नाहीतर वास वाफेबरोबर शेजाऱ्यांकडे जातो. पितळेचं भांडं नको. बिनकल्हईच्या भांड्यात आंबट कळकतं हे तेतांना मी सांगायच्या आतच त्यांनी मला सांगितलं.

आता बाटलीकडे वळू. बाटलीवर चिंचेचं चित्र मोठं आणि आत चिंच नावापुरती. बाकी रंग, वास आणि सायट्रिक ॲसिड. हे आम्ल लिंबाचं. चिंचेचं मुख्य आम्ल टार्टरिक, द्राक्षात असतं ते. दोघांचा आंबटपणा जिभेला वेगळा कळतो. लिंबाला चिंचेचा सदरा घालून बसवलं म्हणून त्याची चिंच होत नाही!

हे सगळं मी आवेशात ऐकवलं. स्नेही गप्प झाले. पण वहिनी आतून म्हणाल्या, "भाऊजी, पटलं हो. पण तुमच्या घरी ते कोळतं कोण?"

इथं माझी बाजू कोसळली. कारण बैरुत सुटल्यापासून कोळणं बायकोकडे होतं आणि कौतुक माझ्याकडे. घरच्या चवीसाठी तावातावानं भांडणाऱ्या आम्हा पुरुषांपैकी कितीजणांच्या नखांत चिंच अडकलेली असते? बाटली घराघरांत शिरली ती काही चवीच्या जोरावर नव्हे, कुणाचे तरी हात दुखत होते म्हणून. हा मुद्दा मी मान्य करतो. पण हात दुखत असतील तर हात वाढवावेत, चिंच कशाला कमी करायची?

तेव्हापासून कोळतो मी. 2019 पासून लेबनॉनमधला पैसा मातीमोल झाला, वीज तर दिवसाचे थोडे तास. फोनवर तेतांना विचारलं, "फ्रिज बंद, मग सरबताचं कसं?" त्या हसल्या. म्हणाल्या, "अरे, दाट पाक करतात तो कशासाठी? माझ्या आजीकडे कुठं फ्रिज होता?"

गेल्या रविवारी स्नेह्यांना घरी बोलावलं. तीन पेले प्यायले. चौथा पुढे करत म्हणाले, "वा! कुठल्या दुकानातली बाटली हो ही?"