संशोधक आकड्याने मोजू नका

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शुभा टोळे यांच्या गटाचा २००८ चा ‘सायन्स’मधील शोधनिबंध घ्या. उंदराच्या गर्भात एलएचएक्स२ जनुक काही पेशींतून काढून टाकताच त्या पेशींचे संघटक केंद्र बनले आणि शेजारच्या सामान्य पेशींतून जादा हिप्पोकॅम्पस घडले. स्मृतीशी निगडित हा भाग कसा घडतो, याचे हे उत्तर कोणत्या उद्धरणसंख्येत वाचता येईल?

एच-निर्देशांक भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवला. प्रत्येकी किमान दहादा उद्धृत झालेले दहा निबंध असले, तर निर्देशांक दहा. त्यांतील एक हजारदा उद्धृत झाला, तरीही दहाच! शिवाय विद्याशाखेनुसार हा आकडा बदलतो, हे स्वतः हिर्श यांनीच नोंदवले होते. तरीही आपल्या निवड समित्या त्यालाच तराजू मानतात. मग तरुण संशोधक एका निष्कर्षाचे तीन निबंध करतो आणि वर्षानुवर्षे चालणारा प्रयोग टाळतो. यात दोष त्याचा कमी, तराजूचा अधिक.

जबलपूरच्या विद्यार्थ्यांनो, मार्गदर्शक निवडताना निर्देशांक विचारू नका. त्यांचा एक शोधनिबंध मुळातून वाचा. समित्यांनीही तेवढे कष्ट घ्यावेत.