अनंतावरची शिंगवाली अळी



परसातल्या अनंताची पाने कुरतडलेली दिसली, तर फवारणीचा पंप काढण्याआधी फांदी वाकवून पाहावी. बोटाएवढी अळी सापडेल, बहुधा हिरवी. शेपटाकडे शिंग असते, पण ते टोचत नाही.

हीच अळी रानात काटेरी गेळ्यावर वाढते. ज्वारी, कापूस, तुरीला ती तोंड लावत नाही. तिचा पतंग दिवसाढवळ्या उडतो. अंग हिरवट, कमरेला तांबूस पट्टा, पंख काचेसारखे आरपार. पुष्कळजण त्याला भुंगा समजून मारतात. भुंगा फुलावर बसतो. हा फुलासमोर हवेतच थांबून लांब सोंडेने मध ओढतो. त्याला नांगी नसते.

मुलांना दाखवायचे असल्यास रुंद बरणीत चार बोटे ओलसर माती, वर पालापाचोळा आणि एक उभी काडी ठेवावी. अळीला रोज अनंताची ताजी पाने द्यावीत, तोंडाला फडके बांधावे. पूर्ण वाढल्यावर ती पाचोळ्यात शिरून कोष करते. मग बरणी हलवू नये. नवा पतंग काडीवर चढून पंख वाळवतो. तेव्हा पंखांवर करडी भुकटी असते. पहिल्या फडफडीत ती पिठासारखी झडते व पंख स्वच्छ होतात. मग त्याला सोडून द्यावे.

झाड लहान आणि अळ्या फार असतील, तर हाताने वेचून गेळ्यावर सोडाव्यात. औषध मारू नये. त्याच अंगणात मधमाश्याही येतात. मोठ्या अनंताला पुन्हा पालवी फुटते.